रुद्रम्माचा तांब्या

तांब्या वाजला म्हणून दीपाली पिठाच्या हातांनी बाहेर धावली, तर रुद्रम्मा गाढ झोपलेली. तांब्या उशाशी होता तसाच होता. दीपालीनं आत येऊन परातीत हात घातला, तोच पुन्हा टण् टण् सुरू झालं. या खेपेला ती उठली नाही. हल्ली हे रोजचंच झालं होतं. सास्तूरच्या बाजारात भर गर्दीतसुद्धा तिला तांब्या ऐकू यायचा आणि घेतलेली भाजी तिथंच टाकून ती घराकडं पळत सुटायची.

रुद्रम्मा तिची सासू. गेल्या दिवाळीत लकवा मारला आणि उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डावा हात तेवढा शाबूत. त्या हातानं ती पितळी तांब्या पलंगाच्या लोखंडी पाइपवर आपटायची, की दीपालीनं हजर व्हायचं. पाणी, कूस बदलणं, चादर, पुन्हा पाणी. पलंग घराबाहेर पत्र्याच्या शेडात होता. भूकंपानंतर स्लॅबचं घर मिळालं, पण म्हातारी त्या स्लॅबखाली एकदाही झोपली नाही. तिला कुणी समजवायलाही जात नसे, गावात तिच्यासारखे बरेच होते.

हाच तांब्या वाजवून ती भूकंपाच्या पहाटे ढिगाऱ्यातून जिवंत निघाली होती. बोलता येत होतं तेव्हा तिनं दीपालीला हे एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. ती तांब्या वाजवत होती आणि पलीकडं कुठंतरी तिची थोरली लेक वाटी वाजवत होती.

"वाटी वाजायली तवर मला भ्या न्हवतं," ती म्हणाली होती. "मग वाटी थांबली. आवाज थांबला की समजायचं बघ, दीपाली."

आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

म्हातारीला बघायला माणसं यायची. बिस्किटांचा पुडा आणि केळी घेऊन यायची, चहा घेऊन जायची, आणि जाताना न चुकता म्हणायची की सून असावी तर अशी. दीपाली कपबशा विसळायची. एवढं कौतुक झाल्यावर माणसानं तक्रार तरी कुठल्या तोंडानं करावी? नवरा शिवपुत्र ट्रकवर होता. फोन आला की आईबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला, अव्वा कशी हाय. एकदा तिनं धीर करून सांगितलं की मला कायच वाटंना झालंय. तो कळवळला. तुझ्यावर लई लोड पडलाय म्हणाला, आणि अव्वाच्या गोळ्या संपल्यात का ते विचारलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला ते ऐकूच आलं नाही, एवढंच.

तिला मरायचं नव्हतं, पण उद्या उठायचंही नव्हतं. घास तोंडात फिरत राहायचा. रडू येईल तर बरं, असं तिला वाटायचं. तेही येत नव्हतं.

तर त्या सकाळी तवा गॅसवर तापत होता, परातीत भाकरी अर्धी थापलेली होती आणि दीपाली भिंतीला टेकून बसली ती बसलीच. बाहेर तांब्या वाजतच होता. हा खोटा, तिनं स्वतःला सांगितलं. वाजू दे.

पण आता तो खरा होता. स्वयंपाकघराची खिडकी शेडातच उघडायची. रोज भाकरी थापल्याच्या आवाजानं म्हातारीला जाग यायची. आज तिला जाग आली ती आवाज नाही म्हणून.

शेजारच्या कडूबाईनं आधी दुर्लक्ष केलं. रोजच वाजतो, त्यात काय धावायचं. पण आज तो थांबेना, तेव्हा ती आली. तिनं म्हातारीची चादर चाचपली, कोरडी होती. पाणी पाजायला गेली, तर म्हातारीनं पेला उडवला. कूस बदलायला गेली, तर अंग ताठ केलं. कडूबाई वैतागली. आगं, तुझी सासू काय म्हणती बघ, असं ओरडली. आतून ओ आली नाही. मग म्हातारीनं तांब्या उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खिडकीवर फेकला.

कडूबाई आत गेली. तवा जळून धूर झाला होता. तिनं गॅस बंद केला. दीपाली डोळे उघडे ठेवून बसली होती आणि हातांवरचं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

"आत्यांला काय पायजे?" दीपालीनं विचारलं. सवयीनं.

"त्यांला कायबी नको," कडूबाई तिच्यापुढं बसली. "त्या तुझ्यासाठी वाजवायल्यात, बाई. तुला काय होतंय?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. ती वाळलेलं पीठ बोटांवरून खरवडत राहिली, आणि खरवडता खरवडता तिचे खांदे हलायला लागले.

उरलेल्या भाकरी कडूबाईनं केल्या. शिवपुत्रला फोनही तिनंच लावला. त्यानं ठरलेला प्रश्न विचारला.

"अव्वा बरी हाय," कडूबाई म्हणाली. "बायकोला दवाखान्यात न्यायचंय. गाडी लावून ये."

संध्याकाळी दीपाली पलंगाशी येऊन बसली. कुणीतरी तांब्या उचलून पुन्हा उशाशी ठेवला होता, त्याच्या काठाला नवा पोचा आला होता. म्हातारीनं तो डाव्या हातानं ढकलत ढकलत तिच्या मांडीवर सारला. पाणी हवं असेल म्हणून दीपाली उठू लागली, तर म्हातारीनं तिचं मनगट धरलं. तांब्यासकट तिचा हात पाइपपाशी नेला आणि सोडून दिला.

दीपालीनं इकडंतिकडं पाहिलं. तिला लाज वाटली. मग तिनं तांब्या पाइपवर हळूच आपटला.

भिंतीपलीकडून कडूबाईनं ओ दिली.