मासळीच्या पिंपावरचा सम्राट

मी संगमरवरी मुंडकं बोलतोय. नाक गेलंय, बाकी ठणठणीत आहे.

रोमन काळात इटलीच्या याच किनाऱ्यावर रूफियो नावाचा व्यापारी मासळी मिठात मुरवून तिचा अर्क विकायचा. अंगाला वास असा, की पंगतीत शेजारी कोणी बसत नसे. पैसा आला तशी हौस आली, आणि त्याने स्वतःचं मुंडकं घडवून घेतलं. तोच मी. पुढे रोम बुडालं, दुकान बुडालं, मीही समुद्रात बुडालो.

शेकडो वर्षांनी, इथे अजूनही तोच अर्क काढणाऱ्या आस्सुंताबाईंच्या आज्याला मी जाळ्यात सापडलो. त्याने मला मासळीच्या पिंपावर वजन म्हणून ठेवलं. खरं सांगतो, घरी आल्यासारखं वाटलं. मी दाबायचो, अर्क पाझरायचा आणि नाताळात गाव स्पॅगेटीवर घालून बोटं चाटायचं.

मग आस्सुंताबाईंचा भाचा ओरेस्ते नगराध्यक्ष झाला. शेजारच्या गावात रोमन नाट्यगृह, आमच्याकडे नुसता वास. हे त्याला फार लागायचं. एकदा मावशीकडे अर्काची बाटली न्यायला आला, तेव्हा त्याला माझा कान दिसला.

"मावशी, हा सम्राट आहे!"

"असेल बापडा. पिंप मुरतंय, हात लावू नकोस."

"अगं, पर्यटक येतील."

"आणि मासळी कोण दाबेल? तू बसतोस वर?"

तो कसला ऐकतोय! मला उचलून नेलं. बँड लावला, चादरी गुंडाळून नगरसेवक रोमन झाले, बेकरीवाल्याने सम्राट-पाव काढला. भाषणाला नेपल्सहून प्राध्यापिका बोलावल्या. त्यांनी माझ्या मानेखालची अक्षरं वाचली.

"हा सम्राट नव्हे. हा मासळीवाला रूफियो."

ओरेस्तेने हळूच माईक बंद केला. "बाई, पाट्या छापून झाल्यात."

झालं! पाट्यांपुढे इतिहासाचं काय चालणार? मी काचेत सम्राट झालो. प्राध्यापिकांनाही एक सम्राट-पाव बांधून दिला.

पण पहिल्या रांगेत बसलेल्या आस्सुंताबाईंनी ऐकलं होतं. महिन्याभराने त्या एकट्याच आल्या. माझ्या जागी ठेवलेला सिमेंटचा ठोकळा खाऱ्या पाण्यात भुसभुशीत होऊन फुटला होता, पिंप नासलं होतं, वर्षाची मासळी समुद्रात ओतावी लागली होती.

"काय रे," त्या काचेला तोंड लावून म्हणाल्या, "आपल्या धंद्यातला तू. चार जणांनी सम्राट म्हटलं, आणि बसलास होय इथे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा मंडळी, इकडे आलात तर माझ्याबरोबर फोटो काढू नका. नगरपालिकेत जा आणि ओरेस्तेला एवढंच सांगा: मावशीने नवं पिंप भरलंय, वर ठेवायला वजन नाही.