लेटिसचं राहून गेलेलं बोलणं

लेटिस प्रॉसर जन्माला आली तीच बडबडत, असं तिची आई सांगायची. लिव्हरपूलचा धक्का दिसेनासा व्हायच्या आत पोरीने जहाजाच्या खालच्या मजल्यावरच्या निम्म्या कुटुंबांची नावं पाठ केली होती. कुणाच्या पेटीत चीज दडवलंय, कुणाचा नवरा उलट्या करून करून हिरवा पडलाय, शिडं शिवणाऱ्या म्हाताऱ्या खलाशाला किती दात उरलेत, सगळं तिला ठाऊक. वय नऊ, पाय काडीसारखे आणि जीभ मात्र दोन बायकांची.

"हेस्टर, तुझी पोर झोपेत तरी गप्प असते का गं?" शेजारच्या निजायच्या फळीवरची जेमायमा टकर विचारायची. जेमायमा लँकेशरच्या गिरणीतली. मागांच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय समुद्रावरही सुटली नव्हती.

"झोपेत गाते," हेस्टर म्हणायची. "माझी अशी, तुझी फीबी मुखदुर्बळ. दोघींना एकत्र कालवलं तर एक शहाणी मुलगी होईल."

हेस्टर विधवा होती. मर्थरच्या खाणीत छत कोसळलं आणि तिचा नवरा आयझॅक कोळशाखाली गेला तो गेलाच, पुरायला हातसुद्धा मिळाला नाही. त्यानंतर तिच्याजवळ दोनच गोष्टी उरल्या. एक लेटिस आणि दुसरा एक कागद.

कागद आशीर्वादाचा होता. निघायच्या आदल्या रविवारी त्यांच्या धर्ममंडळीचा प्रचारक ब्रदर ओबेद पेन्रीने लेटिसच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले होते. ओबेद सव्वीस वर्षांचा, मुळात चांभार, पण बोलायला लागला की बायका हातातलं काम विसरत. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मुली," तो म्हणाला, "तू आपल्या पायांनी उभी राहशील, सियोनमध्ये." कुणीतरी ते शब्द लिहून घेतले. हेस्टरने तो कागद चोळीच्या अस्तरात शिवून टाकला. मंडळीतले लोक सियोन, म्हणजे देवाची नगरी, म्हणत ती जागा समुद्रापलीकडे, शिवाय हजार मैल माळरान ओलांडून डोंगरात होती. हेस्टरला त्या हजार मैलांची भीती वाटत नव्हती. देवाने दिलेला शब्द अंगाला चिकटून होता, मग भीती कसली?

जहाजावर दिवस शिस्तीत जात. सकाळी शिंग वाजलं की उठायचं, फळ्या घासायच्या, व्हिनेगर शिंपडायचं, प्रार्थना करायची, मग चुलीपाशी आपली पाळी येईपर्यंत ओटमीलच्या लापशीचं भांडं धरून ताटकळायचं. दुपारी बायका तंबू शिवत. माळरानावर दहा कुटुंबांना एक तंबू, आणि त्याचं जाड कापड जहाजावरच शिवून तयार करायचं, असा मंडळीच्या प्रमुखांचा हुकूम होता. हेस्टरचा हात चांगला, म्हणून तिच्या दहा कुटुंबांचा तंबू तिच्याकडे. लेटिस सुयांत दोरा ओवायची आणि बोलत राहायची.

"आई, दार माळरानाकडे ठेवायचं की डोंगराकडे?"

"अगं, तंबू रोज उखडायचा, रोज ठोकायचा. दार फिरवू तिकडे फिरेल."

"मग मी दारातच झोपणार. सियोन पहिल्यांदा मला दिसायला पाहिजे. फीबीला मी उठवीन."

एकोणिसाव्या दिवशी गोवर निघाला. आधी एका सुताराचं बाळ गेलं, मग दोन डॅनिश भावंडं एकाच दुपारी. चोविसाव्या दिवशी लेटिस सुईत दोरा ओवताना म्हणाली, "आई, मला दोन भोकं दिसतायत." हेस्टरने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं.

ओबेदही याच जहाजावर होता; तो आशीर्वादाच्या तेलाची बाटली घेऊन आला. तेल लावलं, हात ठेवले. जाताना हेस्टरला बाजूला घेऊन म्हणाला, "सिस्टर, आशीर्वाद दिलेला आहे. आता तो मोडू शकेल अशी एकच गोष्ट आहे, शंका. घरात शंकेचा शब्द निघाला की आशीर्वाद निघून जातो. तुमच्या तोंडून निघू देऊ नका. तिच्याही."

"नाही निघू देणार," हेस्टर म्हणाली. तिने तो शब्द पाळला, आणि तो किती पक्का पाळला ते आता सांगायचं आहे.

दुसऱ्या दिवशी लेटिस म्हणाली, "आई, समजा मी—"

हेस्टरने तिच्या तोंडावर हात ठेवला. हलकेच ठेवला, पण ठेवला. "असलं काही बोलायचं नाही. तू सियोनमध्ये उभी राहणार आहेस. कागदावर लिहिलंय."

"हो, पण मला एक सांगायचंय."

"बरी झालीस की सांग."

संध्याकाळी पोर पुन्हा म्हणाली, "आई, बरी नाही झाले तर तू—" पुन्हा हात. या वेळी हेस्टर चिडलीसुद्धा. "गप्प! एक अक्षर नको. तुझ्याच जिभेने घात करून घेशील, कार्टे!" जन्मात पहिल्यांदा ती त्या जिभेवर चिडली होती.

तिसऱ्या दिवशी लेटिसने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं, आईचा हात उचललेला पाहिला आणि स्वतःच मिटून घेतलं. त्यानंतर ती बोललीच नाही. पाणी हवं असलं तर भांड्याकडे बघायची. हेस्टरला वाटलं, विश्वास बसला पोरीचा. तिने आनंदाने देवाचे आभार मानले. माणूस इतकं आंधळं कसं होतं, हे देवालाच विचारायला हवं.

चौथ्या दिवशी दुपारी, तंबू शिवायच्या वेळी, लेटिस गेली. डोळे उघडे होते, ओठ घट्ट मिटलेले. अशी आज्ञाधारक ती आयुष्यात कधी नव्हती.

कप्तानाचा नियम होता, रोगाने गेलेल्याचं प्रेत तासाभरात समुद्रात गेलं पाहिजे. हेस्टर उठली, कात्री घेतली आणि शिवून झालेल्या तंबूचं दार कापून काढलं. दहा कुटुंबांतल्या कुणीही तिला अडवलं नाही. तिने पोरीला त्यात स्वतः शिवलं, बारीक टाक्यांनी, वारा आत येऊ नये तसं. वजनाला काहीतरी हवं होतं. म्हातारा खलाशी स्वयंपाकघरातून पोतंभर कोळसा घेऊन आला आणि पायाशी भरू लागला.

"कोळसा नको," हेस्टर म्हणाली.

"बाई, दुसरं काही नाही हो."

तिने उरलेले टाके घातले. मंडळीने भजन म्हटलं, खलाशांनी प्रेताखालची फळी तिरपी केली. पायाशी वजन असल्यामुळे ते कापड आडवं गेलं नाही, सरळ उभं पाण्यात शिरलं आणि क्षणभर तसंच उभं दिसलं. हेस्टरने ते पाहिलं.

ओबेद तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "सिस्टर, सियोन दोन आहेत," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एक इथलं, एक वरचं. मला वरचं दिसलं असेल. ती तिथे उभी आहे."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता."

"आत्ता," हेस्टर म्हणाली. "ब्रदर पेन्री, माझी पोर तीन वेळा माझ्याशी बोलायला आली. मी तिचं तोंड दाबलं. तुमच्या शब्दासाठी दाबलं. वरचं की खालचं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं तर तेवढं सांगायचं होतंत. मी तिला बोलू दिलं असतं. तिला काय सांगायचं होतं, ते आता कुणाला विचारू?"

तो रडू लागला. तो ढोंगी नव्हता, हेच तर वाईट होतं. ढोंगी असता तर हेस्टरला त्याच्यावर थुंकता आलं असतं.

ती खाली आली. लेटिसची फळी रिकामी होती आणि शेजारी चार सुया दोरा ओवून ठेवलेल्या होत्या. आजारी पडायच्या आधी पोरीने पुढच्या दिवसांचं काम करून ठेवलं होतं. हेस्टर त्या सुयांशेजारी बसून राहिली. काय असेल? बाहुली फीबीला दे, असं? मला पाण्यात टाकू नको, असं? की नुसतं, आई, भीती वाटते? दिवसभर ती वाक्य पुरं करून बघायची, आणि एकही वाक्य लेटिसचं वाटायचं नाही.

दोन दिवसांनी सकाळी जेमायमा आली. तिचा गिरणीतला आवाज पार बसला होता. "हेस्टर, फीबीच्या अंगावर फुटलंय. ब्रदर पेन्री तेल लावून गेले. म्हणाले, बरी होईल. होईल ना गं?"

हेस्टर फीबीपाशी गेली. पोरीचे गाल लाल, श्वास भराभर चाललेला.

"मला नाही माहीत," हेस्टर म्हणाली. "एवढंच सांगते, ती बोलेल तेव्हा ऐक. काहीही बोलली तरी ऐक."

"ही कुठली बोलतेय? ही कधी बोलली आहे?"

आणि नेमकी तेव्हाच फीबीने कोरडे ओठ उघडले. "आई," ती हळूच म्हणाली, "मी लेटिससारखी गेले तर—"

जेमायमाचा हात गेला. मागावर वीस वर्षं काम केलेला, रुंद, जाड हात. "श्श! अभद्र बोलायचं नाही, सोन्या. ब्रदर काय म्हणाले?"

"हात काढ," हेस्टर म्हणाली. तिने जेमायमाचं मनगट धरलं. "जेमायमा, पाया पडते तुझ्या, हात काढ. बोलू दे तिला."

जेमायमाने वर पाहिलं. दारात अपशकुन उभा असावा तशी ती हेस्टरकडे पाहत होती. "तुझी गेली म्हणून माझ्या पोरीला शंका शिकवायला आलीस? जा इथून. जा!"

तिने हात काढला नाही. त्या हाताच्या वर फीबीचे दोन डोळे होते, आईकडे नाही, हेस्टरकडे बघत होते. हेस्टरला ती नजर ओळखीची होती. मग फीबीनेही हळूहळू ओठ मिटले.