एक मिळवणारी ओळ

चारुलतानं ती ओळ पुसली.

तेलुगूत चारु म्हणजे सार. आंबट, पातळ, भातावर ओतायचं.

सी नावाची संगणकाची भाषा शून्यापासून मोजते. कोबोल एकापासून मोजते, माणसांसारखी.

सरकीचा वास एसीच्या खोलीतही शिरतो.

हैदराबादेहून फ्लॉपी आल्या.

“सगळं माझंच आहे.” हे व्यंकटराव म्हणाले होते, संचालकांच्या बैठकीत, दिवाळीच्या आधी.

आदिलाबादच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग सोसायटीत शेतकऱ्यांच्या कापसाच्या वजनाचा प्रोग्रॅम चारुलतानं कोबोलमध्ये बसवला होता. तो बिनबोभाट चालत असताना व्यंकटराव साहेब म्हणून आले. त्यांनी सीमध्ये वरचा साज चढवला आणि तिच्या देखत सगळ्यावर आपलं नाव घातलं. वर म्हणाले, “ही आमची चारू. पातळ आहे, पण जेवणात लागते.” सगळे हसले. तीही हसली होती. तेच तिला अजून सलत होतं.

आता हैदराबादच्या त्या फ्लॉपींवरून नवा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन, आला होता. आजवर दोन भाषांतले प्रोग्रॅम वेगवेगळे चालवावे लागत. हा दोन्ही एकत्र जोडून यंत्राच्या गळी उतरवणार होता. व्यंकटरावांचा भाग थेट तिच्या भागाला हाक मारणार होता: पहिला शेतकरी, शून्य. तिचा भाग पहिल्याला एक म्हणायचा. म्हणून तिनं मधे एक ओळ घातली होती: आलेल्या आकड्यात एक मिळव. ती ओळ नसली, की पहिल्या शेतकऱ्याचा कापूस नाहीसा होणार आणि पुढच्या प्रत्येकाचं वजन आधीच्याच्या नावावर चढणार. आणि ज्याचं सगळं, त्याचीच चूकही.

जेवणाच्या सुट्टीत टायपिस्ट बयनाबाईनं तिला हटकलंच.

“काऊन ओ, आज लय खुशीत दिसून राह्यल्या?”

“उद्या पाहा तुमी. सारे जमले, का यंत्र भीमपूरच्या रेणुकाबाईचा कापूस गिळणार हाय. तिचंच नाव पयलं.”

“अन् तशीच चिठ्ठी तिच्या हातात पडली तं?”

“मागून करू दुरुस्त. आदी साहेबाचं तोंड पाहू द्या.”

बयनाबाईनं डब्याचं झाकण लावलं. शेजारी शिपाई पोशेट्टी छपाईच्या कागदाच्या भोकांच्या पट्ट्या फाडत बसला होता. तो मंचेरियालकडचा, निव्वळ तेलुगू बोलणारा, असं सगळे धरून चालत. त्याच्या तोंडून कुणी कधी मराठी शब्द ऐकला नव्हता. व्यंकटराव त्याच्याशी मोडक्या तेलुगूत बोलत आणि त्याच्यासमोर त्याला मराठीत ‘दगड’ म्हणत.

दुसऱ्या दिवशी नव्या जोडणीचं प्रात्यक्षिक पाहायला संचालक आले, काही शेतकरी आले. रेणुकाबाई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीच्या काठावर टेकली. चेअरमन भगवानराव महाराष्ट्राच्या सरहद्दीजवळच्या बेल्याचे. मराठी, तेलुगू दोन्ही भाषांत सारखेच तिखट. गावची वीज सदा नाचरी, म्हणून सांगितलं की वीज तोडायला पोशेट्टीला स्टॅबिलायझरच्या खटक्यापाशी उभं केलं होतं.

व्यंकटरावांनी कळ दाबली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. एकही तक्रार नाही. दोन्ही प्रोग्रॅम जोडले गेले. चारुलतानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बोटं घट्ट गुंतवली.

“चालू!” व्यंकटराव ओरडले. “पाहा, चालू! चालू!”

पोशेट्टीनं खटका ओढला. पडदा काळा झाला.

“अरे दगडा! काय केलंस?”

“मीरे चालु अन्नारु, सार,” पोशेट्टी हात बांधून म्हणाला. तुम्हीच तर म्हणालात.

भगवानरावांना हसू आवरेना. “त्याच्या भाषेत चालु म्हंजे पुरे, साहेब! यंत्रात दोन भाषांचं लगन लावून राह्यले तुमी, अन् एका खोलीत दोन माणसांचं जमत नाई!”

खोलीभर हशा उसळला. यंत्र पुन्हा सुरू झालं, पण व्यंकटरावांची बोटं कळांवर अडखळू लागली, प्रोग्रॅम काही पुढे सरकेना. कपाळाला घाम आला.

“तसं पाहिलं तर,” ते घाईनं म्हणाले, “आतला मूळ भाग या बाईंचा आहे. तोच अडकला असणार.”

भगवानरावांचं हसू थांबलं.

“मूळ भाग बाईचा? दिवाळीच्या आदी तं सारं तुमचं होतं.”

व्यंकटराव रुमाल शोधू लागले.

“उठा मंग. बाईले बसू द्या.”

चारुलता खुर्चीत बसली. खुर्ची अजून गरम होती. समोर तिचीच फाइल, मधे तिनंच पाडलेली फट. मागे रेणुकाबाईच्या बांगड्या वाजल्या.

तिनं ओळ लिहिली. एक मिळव.

व्यंकटराव खांद्यावरून वाकले. “ही काल नव्हती?” त्यांनी हळूच विचारलं.

“परवा होती.”

ते पडद्याकडे पाहत राहिले. मग तिच्याकडे. त्यांनी भगवानरावांकडे वळून तोंड उघडलं. आपल्याच प्रोग्रॅममधली गेलेली ओळ आपल्याला दिसली नाही, हे आता कोणत्या तोंडानं सांगणार? तोंड तसंच मिटलं.

चारुलतानं वळून त्यांचं ते मिटलेलं तोंड पोटभर पाहून घेतलं. मगच कळ दाबली.

प्रिंटर करकरला. रेणुकाबाईनं चिठ्ठी दोन्ही हातांत धरली, उलटी.

“माह्याच कापसाचं वजन हाय ना, माय?”

“तुमच्याच,” चारुलता म्हणाली. तिनं चिठ्ठी सरळ करून दिली आणि पुन्हा म्हणाली, “तुमच्याच, बाई.”

पोशेट्टी खाली पडलेल्या कागदी पट्ट्या गोळा करत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

त्याचं सातवीपर्यंतचं शिक्षण बेल्याच्या मराठी शाळेत झालं होतं.