तिसऱ्या गाण्यातली रिकामी जागा

मी स्पीकर बोलतोय. राहनाळ गावात, चिंधूभाऊंच्या खोलीत, खिडकीखाली ठेवलेला. माझा आतला कागद फाटलाय, तेव्हा बोलताना थोडी घरघर होईल. सांभाळून घ्या.

मला महादू मिस्त्रीनं प्लायवूडच्या खोक्यात बसवलं, ते लग्नातल्या हळदीसाठीच. मांडवात मी असा वाजायचो की शेजारच्या घरातली भांडी हलायची. मग मोठाले डीजे आले आणि मला कुणी विचारेना. चार वर्षं महादूच्या माळ्यावर पडून होतो. उंदरांनी वायर कुरतडली.

चिंधूभाऊ मला न्यायला आले तेव्हा महादू ओरडून म्हणाला, "आता म्हातारपनी हलद लावून घेतोस काय रं?"

"पोरीचा गाना ऐकायचाय," भाऊ म्हणाले.

भाऊंनी छत्तीस वर्षं कारखान्यात कापड विणायचा लूम चालवला. त्या खडखडाटात उजवा कान गेला, डावाही जात आलाय. बायको गुणाबाई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. दोन वर्षांपूर्वी ती खोकून खोकून गेली. मुलगी सुकन्या वळ गावच्या गोदामात पार्सलं स्कॅन करते. तिनं आईची गाणी आठवून आठवून जमवली, पूर्णा गावातल्या एका रिकाम्या गोदामात मोबाईल ठेवून गायली आणि स्वतःच इंटरनेटवर टाकली. सहा गाणी. साथीला फक्त तुणतुणं. भाऊंनी माझी वायर जोडून घेतली आणि ती माझ्यावर लावली.

मी जन्मभर दणदण केली, पण असं काही माझ्या पोटातून कधी गेलं नव्हतं. ती एक ओळ म्हणते आणि गप्प राहते. त्या गप्प राहण्यात गोदामाचा पत्रा मध्येच कुरकुरतो. शेजारची जानकीबाई भाजी निवडायची थांबली. "पोरीनं गुणाला दारात उभी केली गो," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून उठून गेली.

चिंधूभाऊ मान हलवत बसले. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. गाणी फारच हळू होती. त्यांनी माझा आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला, कान जाळीला टेकवला. माझा कागद फाटला तो त्या दिवशी.

संध्याकाळी सुकन्या ड्युटीवरून आली. ती वडलांशी नेहमी समोर बसून, सावकाश ओठ हलवून बोलते.

"बाबा, तिसरा गाना कसा वाटला?"

"बेस हाय. आवाज गोड लागलाय तुजा."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "तिसऱ्यात मी गायलेच न्हाय, बाबा. नुसता तुणतुणा हाय. आय घरी नुसती चाल गुणगुनायची, बोल मना येत न्हाईत. जागा रिकामी ठेवली. वाटला, तुमी ऐकून सांगाल."

भाऊंनी मान खाली घातली. "खोटा बोललो. तुजा एक पन गाना मना ऐकू आला न्हाय."

 मग तिनं त्यांची हनुवटी वर केली. "मंग बोल तरी सांगा. दुसऱ्या कोनालाच ठावं न्हाईत."

"ते मी पन कधी ऐकले न्हाईत गो. बोलांसकट तो गाना ती कारखान्यातच गायाची. लूमच्या आवाजात कोनाला ऐकू येनार? मी समोरशी तिचे ओठ बघायचो, बस."

आणि भाऊंनी ते ओठ करून दाखवले. आवाज नाही. नुसते ओठ, गुणाबाईसारखे.

लूमवाल्यांच्या घरातली पोर ती. ओठ वाचायला लहानपणीच शिकलेली. तिनं पेन घेतलं. 'खाडीला पानी भरला गो, पल्याड माजी आय.' एवढं लिहून झालं आणि ओठ थांबले.

तेव्हापासून दर रविवारी ती तिसरं गाणं लावते. भाऊ माझ्या फाटक्या कागदावर तळवा ठेवतात. तुणतुण्याची थरथर हाताला लागते, मग ओठ हलू लागतात. आजवर चार ओळी झाल्या. पाचवी महिना झाला तरी येत नाही. भाऊ पहिलीच ओळ पुन्हा पुन्हा करतात. सुकन्या ती नवी असल्यासारखी लिहून घेते, आणि ते चहा प्यायला वळले की खोडते.

तुम्ही रविवारी आमच्या दारावरून जात असाल, तर दारात थांबू नका. हाक मारलीत तर ती त्यांना ऐकू येणार नाही. पण तुम्ही दिसाल. ते तुमच्याकडे बघतील, आणि ओठ थांबतील.