आईच्या उचक्या

मित्रांनो, मी एक जुना पेसमेकर. काडेपेटीहून थोडा मोठा, चपटा, चकचकीत धातूचा. माझा जन्म झाला तिथे माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकून काम करायची, का तर माझ्यात धुळीचा कणही जाऊ नये. एवढे लाड झाल्यावर मला वाटू लागलं, आपल्या हातून चूक होणं शक्यच नाही.

मला मिळाली एक आई. कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या दुकानात ती काम करायची. ओली चादर पिळताना दोघं दोन टोकं धरतात ना? एकाने पीळ दिला आणि दुसरा मागे राहिला, तर पाणी निथळतच नाही. तिच्या हृदयाचे दोन कप्पे तसेच मागेपुढे आकसायचे. रक्त नीट पुढे जायचं नाही. पाय सुजायचे, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी मला तिच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत बसवलं. माझ्या तारा हृदयापर्यंत गेल्या आणि मी दोन्ही कप्प्यांना एकदम हलकासा झटका देऊ लागलो. हळूहळू सूज उतरली. "यंत्र गुणाचं आहे हो!" सगळे म्हणाले. मी फुशारलो.

तिची मुलगी पाच वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तार सरकेल. पण एका संध्याकाळी भिंगरीने पलंगावरून उडी घेतली आणि आईने दोन्ही हात उंचावून तिला झेललं.

"अगं बये, तार निसटली म्हणजे?" मदतीला येऊन राहिलेली मावशी ओरडली. "तुझ्या जन्मापासून बिचारीचं हृदय थकलंय, आता यंत्राच्याही मुळावर उठलीस का?"

दुसऱ्या दिवशी आई डाव्या कुशीवर आडवी झाली आणि तिला उचक्या लागल्या. ठोक्यागणिक एक.

"कोण एवढी आठवण काढतंय गं?" आई हसली. भिंगरी मात्र दाराआड जाऊन उभी राहिली.

मित्रांनो, उचक्या माझ्या होत्या. माझी एक तार श्वासाच्या पडद्याच्या नसेशेजारी होती, झटका तिथेही पोचत होता. थांबावं तर आईचं हृदय अडखळणार, चालू राहावं तर लेकीचं तोंड उतरणार. मी चालू राहिलो. भिंगरी आईच्या कुशीत येईना. मावशीजवळ झोपू लागली. आईला वाटलं, पोर माझी जखम बघून भ्याली. ती गळ्यापर्यंत बंद कपडे घालू लागली. दोघीही झुरत होत्या, आणि मी मधोमध टिकटिक करत होतो.

शेवटी दवाखान्यात यंत्र तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "ताई, हात वर नेला होतात का?"

"छे, नाही तर," आई घाईने म्हणाली.

"मीच!" भिंगरी रडायला लागली. "मी उडी मारली. मी आईची तार मोडली!"

बाईंनी छातीचा आधीचा आणि आताचा असे दोन्ही एक्स-रे शेजारी धरले. "बघ, तार होती तिथेच आहे. बसवतानाच ती नसेजवळ आली. तू उडी मारली नसतीस तरी उचक्या लागल्याच असत्या." त्यांनी संगणकाच्या पडद्यावर काही बदल केले. त्याच तारेवरच्या दुसऱ्या एका जागेवरून झटका जाऊ लागला आणि उचक्या थांबल्या.

"आणि मी जन्मले त्याचं?" भिंगरीने हळूच विचारलं.

सोबत आलेल्या मावशीला कुठे बघावं कळेना. आईने लेकीला जवळ ओढलं. "तू झाल्यावर माझं हृदय थकलं, हे खरं. पण ते तू नाही केलंस. सोन्या, तुला तेव्हा मान तरी धरता येत होती का?"

पुढे माझी बॅटरी संपली, माझ्या जागी नवा आला. आता मी एका काचेच्या कपाटात असतो, शिकणारी मुलं मला हातात घेऊन वाखाणतात. मला मात्र ते दाराआडचं तोंड आठवतं. मित्रांनो, घरात आजारपण असलं की मोठी माणसं चिडून काहीबाही बोलून जातात. ते मनात धरून कोपऱ्यात बसू नका. जाऊन विचारा. मला फक्त झटका देता यायचा. तुम्हाला बोलता येतं.