रेकॉर्डची एक अख्खी बाजू

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा शहरातल्या निम्म्या दाढांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. घरातल्या उशांवर मात्र संकट ओढवलं. एकेक उशी दिवसेंदिवस रोड होत गेली, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंची मान धरली तेव्हा उलगडा झाला की उशांतला कापूस हळूहळू खालच्या मजल्यावरच्या दोन लाकडी पेट्यांमध्ये मुक्कामाला गेला आहे. स्पीकरच्या पेटीत कापूस भरला की आवाज घुमत नाही, असं डॉक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं. बायकोच्या मानेचं काय होतं, ते तिथे लिहिलेलं नव्हतं.

डॉक्टर दातांचे. खाली दवाखाना, वर घर, अशी चौतीस वर्षं काढलेली. सकाळी दहाला खाली उतरायचे ते रात्री नऊला वर चढायचे, आणि जेवताना एकच वाक्य ठेवणीतलं असायचं. "एकदा हे बंद केलं ना, की संध्याकाळी दोघं निवांत बसू, गाणी ऐकू." डॉक्टरीणबाई शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे अमर्याद वाट बघणं म्हणजे काय, ते त्यांना नीट ठाऊक होतं. तोवर त्यांनी स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओवर भागवलं. त्या रेडिओला अधूनमधून पाठीत धपाटा घालावा लागायचा.

दिलेला शब्द पाळायचा तर माणूस दुकानात जातो, बरे स्पीकर घेतो आणि घरी येतो. पण डॉक्टर कुठलं काम सरळ करतील तर शपथ. दुकानातले स्पीकर म्हणजे तयार कवळी, कोणाच्याही तोंडात कोंबा, असं त्यांचं मत. आपल्या खोलीच्या मापाने आपणच बनवायचे. मग प्लायवुड आलं, करवत आली, टपालाने जाडजूड लोहचुंबकांचे वूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, आले. गोल भोकांच्या कडा डॉक्टरांनी दात कोरायच्या ड्रिलने गुळगुळीत केल्या. सांध्यातल्या फटी दाढेत भरायच्या सिमेंटने बुजवल्या. आतलं काम तोंडात घालायच्या छोट्या आरशाने तपासलं. "दुखलं तर हात वर करा," असं ते एकदा प्लायवुडला म्हणाल्याचं डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

पेट्या मांडल्या त्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये. बाकीच्या खुर्च्या गेल्या, दोन राहिल्या. दोन्ही स्पीकरपासून अगदी समान अंतरावर, शेजारी शेजारी. बायकोची लग्नाआधीची, एका गायिकेची रेकॉर्ड डॉक्टरांनी माळ्यावरून शोधून काढली होती. तिची एक बाजू बावीस मिनिटांची. डॉक्टरांना या वयात आणखी काही नको होतं. बायकोने शेजारी बसून ही एक बाजू पूर्ण ऐकावी, बस्स.

पहिल्या संध्याकाळी ती सात मिनिटांत उठली.

"डोकं दुखतंय हो," असं म्हणून वर गेली. डॉक्टरांनी मनाला लावून घेतलं नाही. पेटीतच काहीतरी कमी असणार. पुढच्या रविवारी दुपारी त्यांनी आपल्या दोन दोस्तांना बोलावलं. एक बॉयलरवाला. जन्मभर कारखान्यातल्या बॉयलरशी झुंजलेला, आणि अजूनही शेजारच्या माणसाशी बॉयलरपलीकडे उभा असल्यासारखा बोलणारा. दुसरा छापखानेवाला, चार मशिनांचा मालक, दोन्ही हातांची नखं कायमची काळी. तिघांचाही आवाजाच्या बाबतीतला अधिकार त्यांनी एकमेकांना देऊन टाकलेला होता.

"छान आहे रे," बॉयलरवाला डोळे मिटून म्हणाला, "पण वरचे सूर दबलेत. गोधडीत गुंडाळल्यासारखे वाटतात."

"अगदी मनातलं बोललास," छापखानेवाला म्हणाला.

डॉक्टरांनाही तेच वाटत होतं. बारीक, टोकदार आवाजांसाठी पेटीत वर एक लहान स्पीकर असतो, त्याला ट्वीटर म्हणतात. तो फार किंचाळू नये म्हणून त्याच्या वाटेत शेंगदाण्याएवढे रेझिस्टर बसवतात. ते त्याच्यावर वचक ठेवतात. डॉक्टरांनी भिंग डोळ्यांवर चढवलं, कढई तापवायच्या जोशात डाग द्यायची सोल्डरिंग गन तापवली आणि एक रेझिस्टर उपटून टाकला. दोस्त खूश झाले.

त्या संध्याकाळी बायको पाच मिनिटांत उठली. दूध उतू जाईल म्हणाली. डॉक्टरांनी मागोमाग जाऊन पाहिलं तर गॅसवर दूधच नव्हतं.

पुढचा रविवार, पुढचा रेझिस्टर. बायको तीन मिनिटांवर आली. दोस्त म्हणाले, आता कसं मोकळं झालंय, पण अजून थोडं. डॉक्टरांनी शेवटचा रेझिस्टरही काढला आणि सरळ तार जोडली. आता ट्वीटरवर कोणाचा वचक राहिला नाही. दोस्तांनी मान डोलावत अख्खी बाजू ऐकली, दुसरी ऐकली, चहा मागितला. बायको दारातूनच परत फिरली आणि जाता जाता म्हणाली, "दवाखाना बंद झालाय ना आपला? मग ते मशीन कोण चालवतंय आत?"

हे मात्र डॉक्टरांच्या फार जिव्हारी लागलं. चौतीस वर्षं ज्या धंद्यावर घर चाललं त्याच्यावर टोमणा! त्यांनी मनात खटला चालवला आणि बायकोला दोषी ठरवलं. हिला आपल्याशेजारी बसायचंच नाहीये. इतकी वर्षं आपण वर चढलो नाही, आता ही खाली उतरत नाही. सूड आहे हा, गणितवाल्या बाईचा, काटेकोर हिशेबाचा. असं दीड-दोन वर्षं चाललं. डॉक्टर रोज संध्याकाळी दोन खुर्च्यांपैकी एकीवर बसायचे आणि दुसरीकडे बघायचं टाळायचे. वरून रेडिओला घातलेला धपाटा ऐकू आला की त्यांना रडू यायचं, आणि रडू आलं की ते आवाज वाढवायचे.

तशात सगळं जगच हल्ली पुटपुटायला लागलं होतं. बातम्या देणारी बाई, वाणी, बँकेतला माणूस, सगळे तोंडातल्या तोंडात बोलायचे. लोकांचे उच्चार बिघडले आहेत, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. एकूण मानवजातीचे दातच एकदा तपासायला हवेत.

मग एका रविवारी बॉयलरवाला फोनवर काहीतरी घेऊन आला. "हे बघ, चाचणीचा सूर. खालून सुरू होतो, चढत चढत पार वर जातो. कुठे स्पीकर अडखळतो ते लगेच कळतं. सेकंदाला किती कंपनं, तो आकडा फोनवर दिसतो."

फोन जोडला. तिघं खुर्च्यांवर आणि स्टुलावर सरसावून बसले. आधी खोल हुंकार आला, खिडकीची काच थरथरली, तिघांनी समाधानाने एकमेकांकडे पाहिलं. सूर चढत गेला. हजार, दोन हजार, चार हजार. शिटीसारखा झाला, मग शिटीहून बारीक. पाच हजारांवर बॉयलरवाल्याने हात वर केला. "गेला."

"आहे अजून," डॉक्टर म्हणाले. सहा हजारांवर त्यांचाही गेला. छापखानेवाल्याचा कधी गेला ते त्याने सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून बराच आधी गेला असावा.

खोलीत शांतता. फोनवरचा आकडा मात्र चढतच होता. सात हजार, आठ हजार.

"ट्वीटर जळाला," छापखानेवाला म्हणाला.

"दोन्ही एकदम?" डॉक्टर काळजीत पडले आणि त्यांनी आवाज आणखी वाढवला.

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि डॉक्टरीणबाई दारात आल्या. दोन्ही हात कानांवर, हाताला भांडी घासायचा फेस, तो कानशिलांवरून ओघळतोय, डोळ्यांत पाणी.

"बंद करा ते! अहो, बंद करा आधी!"

"काय बंद करू? काही वाजतच नाहीये!"

"वाजत नाहीये? अहो, डोक्यात सळई घुसतेय!"

डॉक्टरांनी बटण दाबलं. बाईंचे खांदे खाली आले. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. बाईंचा चेहरा आवळला गेला, डावा डोळा मिटला, हनुवटी मागे गेली. हा चेहरा डॉक्टरांनी जन्मभर रोज वीस वेळा पाहिलेला होता. उघड्या नसेला हत्यार लागलं की माणसाचा चेहरा असाच होतो. सोंग करून तो कोणाला जमत नाही.

तरी डॉक्टर ते डॉक्टरच. त्यांनी बायकोला भिंतीकडे तोंड करून बसवलं. "वाजलं की हात वर कर." त्यांनी सूर आठ हजारांवर अडकवून दहा वेळा बटण चालू-बंद केलं, वाटेल तसं, मध्ये वाट बघायला लावून. दहाही वेळा फेसाळ हात बरोबर वर गेला. अकराव्या वेळी त्यांनी आवाज शून्यावर नेऊन नुसतंच बटण दाबलं. हात जागचा हलला नाही. "फसवू नका," भिंतीकडून उत्तर आलं.

"फोन बिघडलाय माझा," बॉयलरवाला म्हणाला. पण या वेळी त्याचा आवाज नेहमीच्या निम्मासुद्धा नव्हता. छापखानेवाल्याला अचानक घरचं काम आठवलं. दोघंही आपापला कान चोळत निघून गेले. चहाचं नावही कोणी काढलं नाही.

डॉक्टर खुर्चीत बसून राहिले. ड्रिल. उजव्या कानापासून वीतभर अंतरावर, चौतीस वर्षं. त्याने बारीक सूर ऐकू येईनासे होतात, हे त्यांनी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं आणि त्याचे गुणही मिळवले होते. जग पुटपुटत नव्हतं. त्यांची भीतीने गाळण उडाली.

"कधीपासून असं वाजतंय हे?"

"पहिल्या दिवसापासून. मग दर रविवारी जास्तच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले नाही? डोकं दुखतंय म्हणाले. आत मशीन चालल्यासारखं वाटतंय म्हणाले. एकदा जिन्यात उभी राहून चक्क ओरडले. तुम्ही म्हणालात, हो हो, दोन चमचे साखर घाल." त्यांनी पदराला हात पुसले. "मला वाटलं, मी बसायला नकोच आहे तुम्हाला. माणसाला एकट्याला ऐकायचं असतं तेव्हाच तो इतकं कर्कश लावतो."

दोन वर्षं डॉक्टर जो आरोप मनात घोळवत होते, तोच समोरून त्यांच्यावर आला होता. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी मोठा आनंदही झाला. त्यांनी भिंग चढवलं, पेटीची पाठ उघडली आणि रेझिस्टरांची डबी बायकोच्या हातात दिली.

"तू सांग. मला काही कळत नाही."

एक बसवला. "अजून," बाई म्हणाल्या. दुसरा. "अजून. अजून थोडं. आता बास." डॉक्टरांनी रेकॉर्डवर सुई ठेवून पाहिली. गायिका गादीखाली दडपून गात होती. व्हायोलिन कुठल्याशा जिन्याने वर गेलं ते परत आलंच नाही. एवढा खटाटोप करून बनवलेले स्पीकर त्यांच्यापुरते मुके झाले होते. एक बटण बसवता आलं असतं. इकडे केलं की त्यांचं, तिकडे केलं की तिचं. पण मग दोघांनी एकाच वेळी बसायचं कसं? डॉक्टरांनी पेटीचे स्क्रू घट्ट पिळून टाकले.

मग दोघं बसले. डॉक्टरांनी समोर बघितलंच नाही, ते बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. ती उठायच्या बेतात दिसेना.

"किती बारीक झांज आहे हो मागे!" ती म्हणाली.

"कुठली झांज?"

"ही काय. आता. ही पुन्हा."

"काहीतरीच. या रेकॉर्डमध्ये झांज नाहीये. मी शंभरदा ऐकलीये."

"शंभरदा ऐकलीत. झांज एकदाही नाही ऐकलीत."

बाईंनी डॉक्टरांचा हात ओढून आपल्या खुर्चीच्या दांडीवर पालथा ठेवला आणि झांज वाजली की त्यावर बोटाने टिचकी मारायला सुरुवात केली. टिक. बराच वेळ काही नाही. टिक, टिक. डॉक्टर त्या जागा शोधू लागले. गादीखालच्या गाण्यात त्यांना काही सापडेना, पण हातावर सगळं नीट पडत होतं. तिसऱ्या कडव्याला त्यांना अंदाज आला आणि तिच्या आधी त्यांनीच बोट आपटलं.

"चुकलात," गणिताच्या बाई म्हणाल्या. "लक्ष द्या."

पुढची बरोबर आली. त्याच्या पुढची चुकली. मग सलग चार बरोबर आल्या, आणि डॉक्टरांना भरून आलं. सुई आतल्या रेघेवर जाऊन नुसतीच फिरायला लागली तरी दोघांचे हात दांडीवरच होते.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायला हवं," डॉक्टर म्हणाले. "येशील बरोबर?"

"येईन की. काय करतात तिथे? दुखतं का?"

"छे," डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, "खरं तर माहीत नाही. मी सगळ्यांना नेहमी छेच सांगायचो."

बाई इतक्या हसल्या की डॉक्टरांना त्यांचं हसू अगदी लख्ख ऐकू आलं. "हात धरून बसेन मी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आधी ती दुसरी बाजू लावा."