भिंतीचा वाढलेला इंच

मंगळवारी सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे भिंतीचं माप घेतलं. शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी वाढीव खोलीसाठी पाया खणला, तेव्हापासून आमच्या मागच्या खोलीत छताकडून खाली एक तडा उतरला होता. काकांनी तो नाकारला नव्हता. काम संपलं की भरून देतो, म्हणाले होते. बाबा शिंपी. महिनाभर ते रोज तडा मोजायचे आणि दुकानाच्या वहीत, कुणाच्या तरी छाती-कमरेखाली लिहायचे : भिंत, बावन्न.

त्या दिवशी मी त्यांच्यासाठी नवी टेप आणली होती. जुनीवरचे आकडे पुसट झाले होते, तरी ती त्यांच्या गळ्यातून सुटत नव्हती. मी स्टुलावर चढून नव्या टेपचं वरचं टोक धरलं. बाबा वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"त्रेपन्न."

तसेच ते काकांच्या दारात गेले. एका रात्रीत इंच म्हटल्यावर काका हसले. "मास्तर, भिंत आहे की काकडी?"

बाबांना ती चेष्टा झोंबली. चाळीस वर्षांत माझा एक सदरा आखूड झालेला नाही, मला माप शिकवू नका, असं म्हणत सगळ्या गवंड्यांसमोर त्यांना खोटारडे म्हणून आले. दुपारी मात्र वरण जास्त वाढून घेतलं. बुधवारी दुकानात सुई ओवायला खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

काकांनी काम त्याच दिवशी बंद केलं. आमच्या घरी गर्दी होती तेव्हा ते रस्त्यापलीकडे उभे राहिले, आत आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

परगावी राहणारा दादा फोनवरून रोज घर सोड म्हणायचा. भिंत अंगावर आली तर? बाबांचं शिलाई मशीन, कपाट, गेलेल्या आईचा पलंग, सगळं त्याच खोलीत. सोडायचं म्हणजे काय काय सोडायचं, हे त्याला तिथून कसं कळणार? शेवटी मी एका इंजिनियरबाईंना बोलावलं. त्यांनी तड्यावर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलत असेल तर काच तडकेल, म्हणाल्या. तीन आठवडे मी सकाळ-संध्याकाळ त्या पट्ट्या पाहत होते. उजेडात धरलेल्या एक्स-रेसारख्या.

एकही तडकली नाही.

बाई परत आल्या, भिंत ठोकून पाहिली, बाहेरून पाया पाहिला. खणताना एकदा हादरा बसला, आता भिंत स्थिर आहे. तडा भरा आणि निवांत राहा. मी स्टुलावर बसले. मला सपाटून भूक लागली होती, कितीतरी दिवसांनी.

मग तो इंच कुठून आला, मी विचारलं. त्यांनी पोलादी टेप लावली : त्रेपन्न. वही चाळली. बावन्न, बावन्न, बावन्न, मग एकदम त्रेपन्न. माप एकाच टेपने घेतलं होतं का? मी मशीनच्या खणातून जुनी टेप काढली. तिने बावन्नच दाखवले. चाळीस नाही तरी पंधरा-वीस वर्षं ओढून ओढून ती सैलावली होती.

"पण त्यांचे कपडे तर अंगावर चोख बसायचे," मी म्हणाले.

"बसणारच. माणूसही याच टेपने मोजायचे आणि कापडही."

मला हसू आलं. बाबांनाही आलं असतं, थोडा वेळ रागावून झाल्यावर.

मी शेजारी गेले. काका ओट्यावर बसले होते, बाजूला गंजू लागलेल्या सळया. मला पाहून उभे राहिले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले की भिंत पुरी नवी बांधून देतील, फक्त ती काकडीची गोष्ट तोंडातून जायला नको होती, रोज तेच आठवतं. मी त्यांना काचांचं सांगितलं, टेपचं सांगितलं. भिंत शाबूत आहे, तडा तेवढा भरून द्या, उद्यापासून काम सुरू करा. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकले.

"मास्तर मात्र माझ्यावर रागावूनच गेले, पोरी."

पाच आठवडे जे मनात घोळत होतं, ते आता बोलून टाकायला हवं होतं.

"राग होता, काका. पण त्या रागाने नाही गेले ते. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. मी ते तुमच्यापासून लपवलं. कुणाला तरी दोष द्यायला हवा होता, म्हणून तुम्हाला दिला. माझं चुकलं."